पोह्यांच्या गाडीचे परिपत्रक

भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत पाट्या, फलक आणि वाहनांवरील छापील आवरणे यांच्या धंद्यात जी स्थित्यंतरे झाली, ती मी नगर प्रशासन कार्यालयासमोरच्या कडुलिंबाखाली बसून स्वतः पाहिली आहेत. माझे टेबल तिथे, माझे टंकलेखन यंत्र तिथे. अर्जनवीस हा माझा पेशा. क्वार्टरच्या गळक्या छतापासून वारसाच्या नोकरीपर्यंत कोणताही विषय आधी माझ्याकडे यावा आणि मग व्यवस्थित भाषेत वर जावा, अशी या वसाहतीची पद्धत आहे. मॅट्रिकला गणिताच्या परीक्षकांचे आणि माझे एकमत न झाल्याने माझे औपचारिक शिक्षण तिथेच थांबले. ज्यांचे पुढे चालू राहिले ते अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात, एवढे नमूद करून मी मूळ विषयाकडे वळतो.

माझे वडील महाराष्ट्रातून इथे टर्नर म्हणून आले, तेव्हा पाटी म्हणजे पत्रा. पिवळ्या रंगावर काळी अक्षरे, आणि ती काढणारा पेंटर शिडीवर. एकदा रंगवलेली पाटी गंजून पडेपर्यंत बदलत नसे. त्या काळी कोणाला तशी घाईही नव्हती, कारण माणसांची पदेदेखील पाट्यांइतकीच सावकाश बदलत. मग रेडियम आले. ब्लेडने कापलेली ती चमकती अक्षरे स्कूटरच्या मागे चिकटवून प्रत्येक घराने आपल्या कुलदैवताला वाहतुकीत आणले. त्यानंतर फ्लेक्स आला आणि आपले तोंड किती मोठे होऊ शकते याचा माणसाला प्रथमच शोध लागला. युनियनच्या पुढाऱ्याचा वाढदिवस, कोणाच्या मुलाचा बारावीचा निकाल, कोणाची निवृत्ती. चौकाचौकात दोन मजली चेहरे. प्रसंग उलटला की हे फ्लेक्स वसाहतीत वाया जात नसत. कोणी ते कूलरवर घाली, कोणी लाकडांच्या ढिगावर. आमच्या शेजारच्या क्वार्टरच्या अंगणात एक माजी नगरसेवक पावसाळाभर हात जोडून स्कूटरवर पालथे पडलेले असत.

माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, याच फ्लेक्सच्या भरात वसाहतीशेजारच्या इंद्रपुरीत दुकान टाकून बसला. छपाईच्या यंत्राला जोराची वीज लागते आणि ती जोडणी मिळत नव्हती. ती मी लिहिलेल्या अर्जाने मिळाली. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही. पत्नी अधूनमधून दाखवी.

पण बाजाराचा स्वभाव असा, की जे चालते ते शेजारीही सुरू करतो. पाहता पाहता इंद्रपुरीत फ्लेक्सची इतकी दुकाने झाली, की एकाच्या फ्लेक्सवर दुसऱ्याच्या दुकानाची जाहिरात लटकू लागली. त्यात वरून सरकारी बंद्या, निवडणुकीच्या आचारसंहिता, महापालिकेची उतरवाउतरवी. मेहुणा विचारात पडला. इंदूरला जाऊन आला आणि एका संध्याकाळी आमच्या घरी पाटावर बसून त्याने मला बाजाराचा कल समजावून सांगितला.

"भाऊजी, फ्लेक्स आता गेला समजा. पुढचा जमाना विनाइलचा आहे. पातळ फिल्म असते, मागे गोंद. गरम हवा मारली की गाडीच्या गोलाईवर अशी बसते जशी चामडीच. पूर्ण गाडीचा कपडा बदलतो. इंदूरला तर लाइन लागलीये."

"इंदूरला सराफा बाजारात रात्री खायलासुद्धा लाइन लागते," मी म्हणालो. "वसाहतीत कोण लावणार?"

माझा प्रश्न अभ्यासातून आलेला होता. वसाहतीतला माणूस गाडी घेतो ती पांढरी नाहीतर चंदेरी. तिच्या आसनांवरचे कारखान्यातून आलेले प्लास्टिक तो काढत नाही. त्या प्लास्टिकवर तो कव्हर घालतो, आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर टॉवेल. अशा माणसाला गाडीचा रंग झाकायला सांगणे म्हणजे त्याला आडनाव बदलायला सांगण्यासारखे. पुढे अयोध्या नगरात एका तरुणाने वडील नागपूरला गेलेले पाहून त्यांच्या गाडीला मेहुण्याकडून पूर्ण मॅट काळी फिल्म लावून घेतली. ते हबीबगंज स्टेशनावर उतरले, मुलगा गाडी घेऊन उभा. पण वडील त्या गाडीत बसायला तयार होईनात. "ही आपली नाही," एवढेच म्हणत ते रिक्षाने घरी आले, आणि घरी आल्यावरही आधी त्यांनी गाडीचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिला. मेहुण्याच्या विनाइलचे पहिले आणि तोपर्यंतचे एकमेव गिऱ्हाईक म्हणजे हा तरुण.

इथे मेहुण्याची अडचण सांगणे आवश्यक आहे. त्याचे सासरे नाशकात प्रेशर कुकरच्या सुट्या भागांचे दुकान चालवतात. रबरी रिंगा, हँडल, शिट्ट्या. त्यांना मुलगा नाही. ते दर फोनला जावयाला म्हणत, "या इकडे, जावईबापू, गादी तुमचीच आहे." मेहुण्याची बायको तयार होती. दुकान चालले नाही तर विश्वकर्मा पूजेनंतर यंत्र विकून नाशकाला यायचे, असे त्याने कबूल करून टाकले होते. माझ्या पत्नीने ही बातमी ऐकली तेव्हा तिच्या हातात पोळी होती आणि ती तव्यावर तशीच करपली.

"माझा भाऊ सासऱ्याच्या गल्ल्यामागे बसून शिट्ट्या विकणार?" ती म्हणाली. "आणि गिऱ्हाईक आलं की काय, वाजवून दाखवणार?"

"वाजवून नाही दाखवत ताई, त्या कुकरवरच वाजतात," मेहुणा म्हणाला.

"तू गप्प बस. अहो, तुम्ही काहीतरी करा."

करण्यासारखे एकच होते. वसाहतीतल्या शाळांना बसगाड्या पुरवणारा एक कंत्राटदार होता, जुना भोपाळी, ज्याला त्याला 'खां' म्हणून हाक मारणारा, बोलायला मोकळा आणि विश्वास ठेवायला सावध. आपल्या सगळ्या बसगाड्यांवर नवी फिल्म लावून घ्यावी, असे त्याच्या मनात होते. पण त्याने मेहुण्याला स्पष्ट सांगितले होते: "पहले कोई एक गाड़ी बना के दिखाओ खां. पूजा के दिन गेट पर ले आना. जँची तो सब तुम्हारी." तेव्हा मेहुण्याला एक गाडी हवी होती, आणि ती गाडी काकूंनी दिली.

काकू म्हणजे साऱ्या वसाहतीच्याच काकू, कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर पाळीच्या भोंग्यावर पातेली उतरवली, त्यामुळे अख्ख्या कारखान्याच्या पोटाची त्यांना वैयक्तिक माहिती. कोणाला आम्लपित्त, कोण उपासाच्या दिवशी चोरून सामोसा खातो, सगळे पाठ. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. सकाळी कारखान्याच्या गेटाजवळ उभी करून पोहे, साबुदाण्याची खिचडी आणि थालीपीठ विकायचे, असा बेत. मेहुण्याने त्यांना व्हॅन सजवून देतो म्हटले.

"सजव बाबा," काकू म्हणाल्या. "पोह्यांची एक बशी काढ मोठी, वर लिंबाची फोड. आणि लिही, 'पोहे खायला या'. संपलं."

त्या सहज बोलून गेल्या. परंतु मेहुण्याने मजकुराचे काम माझ्याकडे आणले, आणि माझ्याकडे आलेले काम मी चार शब्दांत परत करत नाही. शिवाय ज्या वसाहतीत ही गाडी फिरणार तिचा मी विचार केला. हे लोक चाळीस वर्षे सूचनाफलकापुढे उभे राहून वाचत आले आहेत. पगारवाढ, बदली, दूध केंद्राची वेळ, सगळे त्यांना कागदावर, विषय आणि संदर्भासह मिळालेले आहे. ज्याला विषय नाही, संदर्भ नाही, तो मजकूर त्यांच्या लेखी अफवा असतो. म्हणून मी गाडीचा मजकूर परिपत्रकाच्या रीतीने बांधला. हिंदीतच, कारण वसाहतीचे कामकाज हिंदीत चालते. वर मध्यभागी विषय: 'प्रातःकालीन अल्पाहार उपलब्ध होने बाबत'. खाली: 'उपरोक्त विषयांतर्गत सविनय निवेदन है कि...' आणि मग काकूंची सेवा, पोह्यांची शुद्धता, तेलाचा दर्जा, साबुदाणा भिजवण्याची पद्धत, हे सगळे परिच्छेदवार. डाव्या बाजूला जागा संपली तिथे 'कृपया वाहन की दूसरी ओर देखें' अशी सूचना. उजव्या बाजूला उरलेला मजकूर आणि शेवटी 'प्रतिलिपि : समस्त संबंधित की ओर सूचनार्थ एवं आवश्यक कार्यवाही हेतु'.

मेहुण्याने तो मजकूर संगणकावर चढवताना डोके धरले.

"भाऊजी, गाडी चालती असते. लोक नजर टाकतात, बस. ट्रेंडच असा आहे, मोठा फोटो, कमी अक्षरं. एवढं कोण वाचेल?"

"ज्याला पोहे हवेत तो."

"बशी कुठे टाकू? जागाच नाही उरली."

"मागच्या दारावर टाक. बशीला तेवढी पुरते."

त्याने यंत्रावरचा हात मागे घेतला. मग पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझी वीज ह्यांच्याच अर्जाने आली होती." मेहुण्याने छपाईची कळ दाबली. फिल्म त्याने इंदूरहून सर्वांत भारी मागवली होती, जी खोलगट जागीही घट्ट बसते आणि उन्हात आक्रसत नाही, असा तिचा लौकिक. एकाच गाडीपुरती होती. फसली तर दुसरी लावायला नव्हती, हे आम्हा सर्वांना माहीत होते.

फिल्म लावण्याचे काम मी जातीने उभे राहून पाहिले. आधी गाडी धुतली, पुसली, पुन्हा स्पिरिटने पुसली. मग मागचा कागद सोलत सोलत फिल्म पसरायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हवा काढत न्यायची. बुडबुडा राहिला की मेहुणा टाचणी टोचून तो बसवी. दाराच्या मुठीपाशी गरम हवेची बंदूक लावली की फिल्म मऊ होऊन वळणात शिरे. शेवटी सर्वांवर एक पारदर्शक थर, म्हणजे लॅमिनेशन. काम संपले तेव्हा माझे 'सविनय निवेदन' पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एका रांगेत सरळ उभे होते. कागदावर मी हजारो अर्ज लिहिले, पण टायर असलेला हा पहिलाच.

काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"पोहे कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"मागे," मेहुणा म्हणाला.

त्या मागे गेल्या. बशी पाहिली. "लिंबू छान आलंय," म्हणाल्या, आणि मजकुराबद्दल काही बोलल्या नाहीत. मी तो होकार समजलो.

विश्वकर्मा पूजेचा दिवस म्हणजे वसाहतीचा खरा सण. त्या दिवशी कारखान्याची यंत्रे फुलांनी मढवतात, बायकामुलांना आत सोडतात, आणि बाप मुलाला बोट दाखवून सांगतो, बघ, या लेथवर माझी जवानी गेली. गेटाबाहेरच्या रस्त्यावर सर्वांच्या गाड्या धुऊन, हारतुरे घालून ओळीने उभ्या असतात. काकूंची व्हॅन आम्ही त्या ओळीच्या तोंडाशी लावली. काकूंनी गॅस पेटवला, मोहरी तडतडली. कंत्राटदार दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. मेहुण्याने नवा शर्ट घातला होता आणि तो सारखा गाडीवरची धूळ फुंकत होता. माझी पत्नी एका झाडाखाली उभी राहून दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून होती.

पहिला माणूस आला तो थांबला. दुसरा आला, तो पहिल्याच्या खांद्यावरून वाचू लागला. थोड्या वेळाने डाव्या बाजूला दाट गर्दी झाली. सगळे वाचत होते. ज्यांचा डावा भाग संपला ते रांगेने गाडीच्या मागून वळसा घालून उजवीकडे जात. मी बाजूला उभा राहून हे दृश्य पाहत होतो. मेहुण्याच्या त्या 'कोण वाचेल'चे उत्तर त्याला डोळ्यांसमोर मिळत होते, म्हणून मी वेगळे काही बोललो नाही.

"अहो, पोहे गार होतायत!" काकू आतून ओरडल्या. "वाचून पोट भरतं का कोणाचं?"

"रुकिए बहनजी, अभी दूसरी तरफ़ बाक़ी है," गर्दीतून उत्तर आले.

उजव्या बाजूला मजकूर संपत होता तिथे 'समस्त संबंधित' या शब्दांखाली मागच्या चाकाच्या वर चांगली रुंद पांढरी जागा सुटली होती. छपाईचे आणि गाडीचे माप जुळत नाही म्हणून सुटली होती, दुसरे काही कारण नव्हते. पण निरीक्षण विभागातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ वाचत वाचत त्या जागेपर्यंत आले आणि त्यांनी जन्मभर जे केले तेच केले. कारखान्यात परिपत्रक फिरते, खाली जागा असते, वाचणारा तिथे सही करतो. वाचले आणि सही केली नाही, तर उद्या साहेब विचारतो. त्यांनी खिशातून लोखंडावर खुणा करायचा जाड मार्कर काढला, 'अवलोकित' असे लिहिले आणि खाली सही ठोकली.

मेहुण्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

"काका! काका, ती गाडी आहे!"

"हो, वाचलं मी. व्यवस्थित आहे," काका म्हणाले, आणि मार्कर मागच्याच्या हातात दिला.

मग थांबवणे कोणाच्याही हाती राहिले नाही. फाउंड्रीवाले, वेल्डिंगवाले, लेखा विभागाचे, भांडार विभागाचे, निवृत्त आणि चालू, सगळे रांगेत. जागा संपली तशा सह्या वर चढल्या, चाकाच्या कमानीवर गेल्या, दारापर्यंत आल्या. कोणी 'नोटेड' लिहिले, कोणी नुसती आद्याक्षरे. एक गृहस्थ सही करायला वाकले आणि तसेच थांबले.

"ये मेरे ऊपर कैसे साइन कर गया? ये तो मुझसे जूनियर था!"

"आप देर से आए शर्माजी, तो क्या सब रुके रहते?" मागून कोणीतरी म्हणाले.

"मैं शर्मा नहीं हूँ!"

"तो फिर जूनियर ही होंगे."

काकूंना या गोष्टीत धंदा दिसायला वेळ लागला नाही. ज्याची सही झाली त्याच्या हातात त्या बशी ठेवू लागल्या. "सही केली? घ्या पोहे. तुम्ही केली? तुम्हाला तिखट कमी, तुमचं पित्त माहितीये मला. पुढचे!" परिपत्रकावर सही झाली म्हणजे आवश्यक कार्यवाही करणे आले, आणि आवश्यक कार्यवाही म्हणजे पोहे, हे इतके सरळ होते की एकही माणूस न खाता गेला नाही. पातेल्याचा तळ दिसू लागला. काकूंचा चेहरा कँटीनच्या दिवसांसारखा लाल आणि प्रसन्न झाला होता.

मजकूर माझा असल्याने सह्यांमध्ये माझी नसणे योग्य दिसले नसते. मी मार्कर मागून घेतला आणि खिडकीखाली, जिथे अजून कोणी पोहोचले नव्हते, तिथे माझी पूर्ण सही केली. माझी सही मोठी आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी मी नेहमी मागे वळवून पहिल्या अक्षराखालून नेतो. गाडीवर भरपूर जागा असल्याने ती या वेळी मनासारखी आली.

मेहुणा रस्त्याकडेच्या एका ओट्यावर बसला होता. "संपलं," तो म्हणाला. "ताई, नाशकाची तिकिटं काढायला सांग."

आणि नेमका तेव्हाच कंत्राटदार आला. त्याने लांबूनच गर्दी पाहिली, जवळ आला, डाव्या बाजूने वाचायला लागला, सोडून दिले, उजव्या बाजूला गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"को खां," तो म्हणाला, "ये गाड़ी है के हाज़िरी रजिस्टर?"

मेहुणा उठून उभा राहिला.

"यही तो मेरा रोना है," कंत्राटदार म्हणाला. "बच्चे मेरी बसों पर दिन भर यही गोदते हैं. किसी ने दिल बना दिया, किसी ने मास्टर की मूँछ. स्कूल वाले मेरी जान खाते हैं. इससे तो मेरा पेंट ही भला, ऊपर से एक हाथ और मार देता हूँ." आणि तो वळला.

"साफ होतं साहेब!" मेहुणा एकदम म्हणाला. "वर लॅमिनेशन आहे. मार्कर आत जातच नाही. स्पिरिटचा एक हात मारला की सब साफ."

कंत्राटदार थांबला. "सच्ची?"

"सच्ची."

"कर के दिखाओ."

मेहुण्याने धावत जाऊन दुकानाच्या पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि फडके आणले. तो पहिल्या सहीपाशी वाकतो न वाकतो तोच काकू हातात झारा घेऊन गाडीतून खाली उतरल्या.

"हात लावशील तर बघ!"

"काकू, पुसून दाखवायचंय फक्त."

"काय पुसून दाखवायचंय? इतकी वर्षं या सगळ्यांना खायला घातलं, एकाने कधी चांगलं म्हटलं नाही. आज लिहून दिलंय सगळ्यांनी. ही गाडी अशीच राहील. मी विकत घेतलीये ती."

"काकू, 'अवलोकित' म्हणजे 'चांगलं' नाही, 'पाहिलं'," मी विनम्रपणे खुलासा केला.

"पोहे खाऊन पाहिलं ना? मग झालं."

मेहुण्याने कंत्राटदाराकडे पाहिले, कंत्राटदाराने घड्याळाकडे. पत्नी झाडाखालून चालत आली आणि काकूंपुढे उभी राहिली.  "काकू, एक. फक्त एकच पुसू द्या. नाहीतर हा नाशकाला जातो," ती म्हणाली.

काकूंनी झारा खाली केला. "एक?"

"एक."

"कोणाची?"

इथे प्रश्न बिकट झाला. पोहे खाणारे सगळे सरकून जवळ आले होते आणि प्रत्येक जण आपापल्या सहीसमोर उभा राहिला. निरीक्षणवाल्या काकांनी आपली पहिली सही आहे, पहिली गेली तर नंतरच्या सगळ्या बिनआधाराच्या ठरतील, असे निवेदन केले. कोणीतरी सुचवले की नियमाप्रमाणे सर्वांत कनिष्ठाची पुसावी. सर्वांत कनिष्ठ म्हणून सर्वांनी ज्यांच्याकडे पाहिले ते पुढच्याच महिन्यात निवृत्त होणारे निघाले. "रिटायरमेंट तक जूनियर रहा, अब गाड़ी पर भी मैं ही जूनियर?" असे म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. वातावरण तापले. कंत्राटदार गाडीच्या चाव्या खिशातून काढून बोटावर फिरवू लागला.

काकू सह्यांवरून नजर फिरवत होत्या. फिरवता फिरवता त्यांची नजर खिडकीखाली थांबली.

"ही," त्यांनी झारा रोखला. "ही पुसा. ही सगळ्यांत मोठी आहे. आणि ह्यांनी माझ्या कँटीनमध्ये कधी पाऊल ठेवलेलं नाही."

सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या. हे खरे होते की मी कारखान्याच्या पटावर कधीच नव्हतो. परंतु त्या परिपत्रकाचा कर्ता मी होतो, आणि ज्या कागदावर कर्त्याची सही नाही त्या कागदाला कायद्याने काय किंमत उरते, याचे विवेचन करण्यासाठी मी तोंड उघडले. तेवढ्यात मला पत्नी दिसली. तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे लोक टेबलापलीकडून, अर्ज वर गेल्यावर, माझ्याकडे आशेने पाहतात. मी तोंड मिटले. मग पुन्हा उघडून म्हणालो, "माझी हरकत नाही." ही संमती तोंडी झाली, लेखी देण्याइतका अवधी नव्हता.

मेहुण्याने फडक्यावर स्पिरिट घेतले. "भाऊजी, माफ करा हां," तो हळूच म्हणाला आणि शेपटीपासून सुरुवात केली. शेपटी गेली. मग मधली अक्षरे गेली, मग पहिले अक्षर.  फडके निळे झाले आणि गाडीवर काहीही उरले नाही. छापील अक्षर एकही हलले नव्हते. कंत्राटदाराने वाकून त्या जागेवर अंगठा घासला, मग नखाने खरवडले, मग अंगठा नाकाशी नेऊन हुंगला.

"बढ़िया है खां," तो म्हणाला. "इतना बड़ा दस्तख़त साफ़ हो गया तो बच्चों की क्या बिसात." त्याने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. "पहली बस कल भेजता हूँ. मगर सुनो, मेरी बस पर स्कूल का नाम और फ़ोन नंबर. इसके आगे एक लफ़्ज़ नहीं."

"एकही नाही," मेहुणा म्हणाला, आणि का कोणास ठाऊक, माझ्याकडे पाहून म्हणाला.

त्याच दिवशी त्याने तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. "नाही बाबा, आता नाही जमणार," असे म्हणताना तो पाठमोरा होता, पण त्याचे कान हसत होते. पत्नीने पर्स उघडून रुमाल काढला आणि डोळ्यांऐवजी माझ्या बोटांवरची शाई पुसू लागली. मला ते थोडे अनावश्यक वाटले, पण मी हात काढून घेतला नाही.

तेव्हापासून बाजाराचा कल मेहुण्याच्या बाजूने राहिला. शाळेच्या बसगाड्यांमागून पाण्याच्या टँकरांवर फिल्म आली, मग लग्नाच्या बँडच्या गाडीवर, मग खुद्द वसाहतीतल्या पांढऱ्या गाड्यांवर. अर्थात रंग बदलण्यासाठी नव्हे, रंग टिकावा म्हणून पारदर्शक फिल्म, आणि तिच्यावर कव्हर. मजकूर मात्र सगळीकडे आखडत गेला. त्याबद्दल माझे मत वेगळे आहे.

काकूंची व्हॅन पुढे कित्येक वर्षे गेटापाशी उभी राहत असे. सह्या तशाच होत्या. तेलाच्या वाफेने, हळदीने आणि रस्त्याच्या धुळीने गाडी हळूहळू तांबूस झाली, सह्या त्यात मुरून फिकट पडत गेल्या, आणि काही नावे तर ज्यांची त्यांनाही वाचता येईनात. फक्त खिडकीखाली, नव्या गिऱ्हाइकांना लॅमिनेशन दाखवायला मेहुणा अधूनमधून स्पिरिटने घासत राहिला तो लांबट पट्टा तेवढा नव्यासारखा पांढराशुभ्र राहिला. पोहे खायला येणारे नवे लोक विचारत, इथे काय होतं? काकू झाऱ्याने रस्त्यापलीकडच्या माझ्या कडुलिंबाच्या दिशेने खूण करत, आणि लोक वळून पाहत. मी मान किंचित लववून नमस्कार स्वीकारत असे.